पातळ पापुद्र्याचे रंग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. ह्या व्यासपीठावर विद्वान येऊन गेले आहेत. मी पडलो शाळामास्तर. नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणे एवढाच माझा व्यवसाय. परंतु ज्या न्यासाच्या पुस्तकपेढीतली पुस्तके वापरून मी पदवीपर्यंत पोहोचलो, त्याला नाही म्हणणे कृतघ्नपणाचे झाले असते. म्हणून उभा आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

टेबलावर मी तीन वस्तू मांडल्या आहेत. एका वाटीत साबणाचे पाणी आणि तारेचे एक कडे आहे. एका काळ्या ताटात पाणी आहे आणि शेजारी यंत्राच्या तेलाची बाटली. तिसरी वस्तू म्हणजे माझ्या वडिलांच्या हातची एक पोलादी छिन्नी. ह्या तिन्हींत मिळून एकच गोष्ट आहे, आणि ती सांगायला मी आलो आहे.

आपण बेळगावकर पावसाची माणसे. मृगाची पहिली सर येऊन गेली की रस्त्यावर, जिथे एखादी मोटार उभी राहून गेली असेल तिथे, ओल्या डांबरावर रंगांची वर्तुळे पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. जांभळा, निळा, हिरवा, पिवळा असे एकात एक गुंतलेले पट्टे. पण तेल तर मळकट तपकिरी असते आणि पाण्याला रंगच नसतो. मग हे रंग आले कुठून? साबणाच्या फुग्याचेही तसेच. पांढऱ्या साबणाचा फुगा करा, निळ्या साबणाचा करा, फुग्यावर रंग तेच.

कोणी म्हणेल, इंद्रधनुष्याचे जे कारण तेच ह्याचेही असेल. तसे नाही. इंद्रधनुष्यात पावसाचा थेंब लोलकाचे काम करतो. पांढरा प्रकाश वाकवून त्यातले रंग तो वेगवेगळ्या दिशांना पाठवतो. तिथे रंगांची वाटणी होते, कोणताही रंग नाहीसा होत नाही. फुग्याच्या रंगात मात्र प्रकाशातले काही रंग परत येतच नाहीत, आणि जे उरतात ते आपल्याला दिसतात. शहापूरच्या मागावरचे धूपछाव लुगडेही कोनाकोनाने रंग बदलते. पण त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. तो रंगाऱ्याचा रंग आहे. फुग्यात रंगारी नाही.

मग फुग्यात काय आहे? फक्त जाडी आहे. ही गोष्ट नीट उलगडून सांगतो.

प्रकाश ही एक लाट आहे. किल्ल्याजवळच्या तळ्यात जवळजवळ दोन खडे टाकले की दोन्हींच्या लाटा पसरतात आणि एकमेकींत मिसळतात. जिथे एकीचा माथा दुसरीच्या माथ्यावर येतो तिथे पाणी दुप्पट उसळते. जिथे एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात येतो तिथे पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. दोन लाटांच्या ह्या जमाखर्चाला शास्त्रात व्यतिकरण म्हणतात. पुस्तकात हा शब्द आला की मुले दचकतात, पण अर्थ एवढाच आहे.

प्रकाशाच्या लाटा फार आखूड असतात. एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे तरंगलांबी, तांबड्या रंगाची मिलिमीटरच्या सुमारे ७ दशसहस्रांश आणि जांभळ्याची सुमारे ४ दशसहस्रांश भरते. हिरवा साधारण मध्ये येतो. हा लांबीतला फरक हाच रंगारंगातला फरक होय.

आता साबणाचा पापुद्रा घ्या. तो पाण्याचाच एक अतिशय पातळ पडदा आहे. त्याला वरची बाजू आहे आणि खालची बाजू आहे. प्रकाश पडला की त्याचा थोडा भाग वरच्या बाजूवरून परततो. बाकीचा आत शिरतो, आणि त्यातला थोडा भाग खालच्या बाजूवर आपटून परत येतो. आपल्या डोळ्यांत अशा दोन लाटा एकदमच शिरतात. दुसरी लाट पापुद्र्याच्या जाडीतून खाली जाऊन पुन्हा वर आलेली असते, त्यामुळे ती थोडी मागे पडते. किती मागे पडते हे जाडीवर अवलंबून असते, आणि ते एका रंगाला सोयीचे तर दुसऱ्याला गैरसोयीचे ठरते. एकाच जाडीत तांबड्याचे माथे जुळतात, तर निळ्याचा माथा खळग्यात पडतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की उरलेला प्रकाश पिवळसर दिसतो. हिरवा वजा झाला तर जांभळट दिसतो. तांबडा वजा झाला तर निळसर-हिरवट. परत न आलेला रंग नष्ट होत नाही. तो पापुद्र्यातून पलीकडे निघून जातो. जमाखर्च शेवटी जुळतोच.

इथे एक बारीक मुद्दा आहे, आणि त्याच्यावरच पुढची सगळी कथा उभी आहे. विरळ पदार्थातून येणारी लाट दाट पदार्थावर आपटून परतली तर ती उलटते. माथ्याच्या जागी खळगा होतो. उलट, दाट पदार्थाच्या आतून विरळ पदार्थाच्या सीमेवर आपटली तर ती उलटत नाही. साबणाच्या पापुद्र्यात वरच्या बाजूची लाट हवेतून येऊन पाण्यावर आपटते, म्हणून उलटते. खालच्या बाजूची लाट पाण्यातून येऊन हवेच्या सीमेवर आपटते, म्हणून उलटत नाही. आता समजा पापुद्रा इतका पातळ झाला की त्याची जाडी जवळजवळ काहीच उरली नाही. तर दुसरी लाट मुळीच मागे पडणार नाही. पण पहिली उलटलेली आहे. एकीचा माथा, दुसरीचा खळगा. साऱ्याच रंगांचा हिशेब शून्यावर येतो आणि पापुद्रा काळा दिसतो.

हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून उभे धरा आणि मागे काळे कापड ठेवा. पाणी हळूहळू खाली ओघळते, म्हणून पापुद्रा वर पातळ आणि खाली जाड होतो. रंगांचे आडवे पट्टे दिसू लागतात आणि एकेक करून खाली सरकतात. थोड्या वेळाने सर्वांत वर एक काळी पट्टी उगवते. पाहणाऱ्याला वाटते, तिथे पापुद्रा फाटला. तो फाटलेला नसतो, तो तिथे अत्यंत पातळ झालेला असतो. काळ्याच्या खाली रुपेरी पांढरा, मग पिवळा, मग तांबडा-जांभळा, मग निळा, हिरवा असा क्रम लागतो, आणि फार खाली गुलाबी व हिरवा हेच दोन रंग आलटून पालटून येत राहतात. पाण्यात थोडे ग्लिसरीन घातले तर पापुद्रा जास्त टिकतो. कार्यक्रमानंतर मुलांनी पुढे येऊन करून पाहावे.

जाडीची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. पापुद्र्यावर हिरवा रंग पहिल्यांदा जोरात परततो तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. आपल्या डोक्याचा केस ह्याच्या कित्येक शेपट जाड आहे. खिडकीच्या काचेवर असे रंग का दिसत नाहीत ह्याचे उत्तर इथेच आहे. काच फार जाड पडते. तिच्यात लाट इतकी मागे राहते की एकाच वेळी असंख्य छटा जुळतात आणि असंख्य छटा मोडतात, आणि सरासरी पुन्हा पांढरीच येते. हे रंग दिसायला पातळपणाच लागतो.

आता ह्या विद्येचा थोडा इतिहास सांगतो. १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हुक ह्यांनी ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचे ते वर्णन आहे. त्यात अभ्रकाच्या पापुद्र्यांवरचे रंग, साबणाच्या फुग्यांवरचे रंग, आणि पाणी दिलेल्या पोलादावर आच लागून येणारे रंग ही सर्व एकाच जातीची आहेत, आणि ती सर्व पातळ पारदर्शक थरामुळे होतात, असे हुक ह्यांनी ओळखले. पण थराची जाडी मोजणे त्यांना साधले नाही. ते आयझॅक न्यूटन ह्यांनी साधले. सपाट काचेवर त्यांनी अगदी कमी फुगीर भिंग ठेवले. जिथे दोन्ही टेकतात तिथे हवेचा थर शून्य, आणि बाहेर बाहेर तो हळूहळू वाढत जातो. भिंगाचा गोलवा माहीत असल्यामुळे कोणत्या वर्तुळापाशी थर किती जाड हे भूमितीने काढता आले. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ह्या ग्रंथात ही मोजमापे आहेत. इंचाच्या ८९,००० व्या भागापर्यंत त्यांचा हिशेब पोहोचला होता. विजेचा दिवा नसलेल्या काळात, केवळ भिंग आणि कंपास ह्यांच्या बळावर!

मात्र न्यूटन प्रकाशाला कणांचा प्रवाह मानत. त्यामुळे मोजमाप बरोबर आले, पण उलगडा अपुरा राहिला. तो १८०१ साली थॉमस यंग ह्यांनी केला. प्रकाश लाट आहे असे धरून त्यांनी न्यूटनच्याच आकड्यांवरून निरनिराळ्या रंगांची तरंगलांबी काढून दाखवली. लाट उलटते ही गोष्टही यंग ह्यांनी प्रयोगाने पटवली. भिंग एका जातीच्या काचेचे आणि खालची काच दुसऱ्या, अधिक दाट जातीची घेऊन मधल्या फटीत त्यांनी सॅसफ्रास नावाच्या झाडाचे तेल भरले. हे तेल दाटपणात दोन्ही काचांच्या मध्ये बसते. त्यामुळे दोन्ही लाटा उलटल्या, आणि मधला काळा ठिपका पांढरा झाला. सिद्धान्त खरा असेल तर काळ्याचा पांढरा व्हायला हवा, आणि तो झाला. शास्त्राचे सौंदर्य मला इथे दिसते.

ह्या विद्येचा उपयोग आज आपल्यापैकी कित्येकांच्या नाकावर आहे. चष्म्याच्या काचेवर उजेड परतून त्रास होऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक थर चढवतात. तो थर दाटपणात हवा आणि काच ह्यांच्या मध्ये बसणारा घेतात. मग दोन्ही लाटा उलटतात, आणि जाडी तरंगलांबीच्या पावपट ठेवली की परतणारा प्रकाश मोडतो आणि सगळा उजेड काचेतून पार जातो. हिशेब मधल्या हिरव्या रंगासाठी बसवला तर दोन्ही टोकांचे तांबडे-निळे थोडे परततात, म्हणून अशी काच तिरपी धरली की जांभळट झाक दिसते. कॅमेऱ्याच्या भिंगांवर असा थर देण्याची कृती जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला ह्यांनी १९३५ साली शोधली. अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट ह्या विदुषीने १९३८ साली साबणासारख्या द्रव्याचे एकेका रेणूच्या जाडीचे थर एकावर एक चढवून चमक नसलेली काच केली. थराच्या रंगावरून त्याची जाडी सांगणारी पट्टीही त्यांनी तयार केली. म्हणजे रंग हेच माप झाले.

रंग हेच माप! हे वाक्य मी पुस्तकात वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. आता तिसऱ्या वस्तूविषयी बोलतो.

आमचे घराणे शिकलगाराचे. धार लावणे आणि हत्याराला पाणी देणे हा पिढीजात धंदा. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. त्या छिन्नीवर घाव घातला तर तुकडा उडेल. म्हणून तिला सहाणेवर घासून उजळ करायचे, पुन्हा मंद आचेवर धरायचे, आणि तिच्या अंगावर चढणारा रंग पाहात राहायचे. प्रथम गव्हाळ रंग येतो, मग तपकिरी, मग वांगी, मग निळा. वस्तऱ्याला गव्हाळ रंगावर थांबायचे, छिन्नीला वांगी रंगावर, आणि कमान निळ्यापर्यंत न्यायची. रंग आला की क्षणात पाण्यात. वडिलांजवळ उष्णतामापक कधीच नव्हता. पुढे पुस्तकांत मी पाहिले की फिकट गव्हाळ म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअस, वांगी म्हणजे सुमारे २८०, आणि निळा म्हणजे सुमारे ३००. एवढा बारीक फरक ते डोळ्यांनी ओळखत.

२००३ साली मी बी.एड. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. एका संध्याकाळी वडिलांनी ही छिन्नी माझ्या हातात दिली आणि विचारले, “मास्तर, हा रंग कशाचा, ते तुमच्या पुस्तकात आहे का?” मी ऐटीत सांगितले, “अब्बा, लोखंड तापले की रंग बदलते. हा उष्णतेचा रंग.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भट्टीतला लाल रंग थंड झाल्यावर जातो. हा थंड झाल्यावर जात नाही. सहाणेवर एकदा घासला की मात्र जातो. मग उष्णतेचा कसा?”

श्रोतेहो, ह्याहून नेमका प्रश्न कोणी विचारला असता? रंग पोलादाच्या आत नाही, उष्णतेत नाही, पृष्ठभागावरच्या कशात तरी आहे, हे सहाणेच्या एका घासण्यावरून त्यांनी सिद्ध केले होते. आणि मी त्यांना काय उत्तर दिले? “ते कॉलेजात शिकवायचे असते, अब्बा. तुम्हाला सांगून समजायचे नाही.” खरी गोष्ट अशी होती की मलाच ठाऊक नव्हते. मला ठाऊक नाही, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वडिलांनी छिन्नी फडक्यात गुंडाळून ठेवली. पुन्हा त्यांनी मला धंद्यातला प्रश्न कधी विचारला नाही.

पुढे बारा-तेरा वर्षे गेली. एके दिवशी वर्गात साबणाचा पापुद्रा दाखवत होतो. एका मुलीने विचारले, “सर, सर्वांत पातळ जागी दोन्ही लाटा बरोबरच परतणार. मग तिथे जास्त उजळ दिसायला हवे. काळे का?” त्या क्षणी मला फडक्यात गुंडाळलेली छिन्नी दिसली. ह्या वेळी मी म्हणालो, “मला सांगता येत नाही. दोन दिवस दे.” त्या दोन दिवसांत मी जे वाचले ते आत्ता तुमच्यापुढे मांडले. लाट उलटण्याची गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली होती, समजून कधी घेतलीच नव्हती. आणि वाचता वाचता हुक ह्यांच्या यादीत अभ्रक आणि फुगा ह्यांच्या पंक्तीला पाणी दिलेले पोलाद बसलेले आढळले.

उजळ पोलाद हवेत तापले की त्याच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो. तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. खाली पाणी किंवा हवा नसून धातू असल्यामुळे त्याचा हिशेब साबणापेक्षा थोडा निराळा पडतो, पण तत्त्व तेच. पापुद्रा जाड होत जाताना प्रथम आखूड लाटांचा निळा-जांभळा प्रकाश मोडतो, म्हणून पोलाद गव्हाळ दिसते. मग हिरवा मोडतो, म्हणून वांगी दिसते. मग पिवळा-तांबडा मोडतो, म्हणून निळे दिसते. वडिलांच्या तोंडी असलेला क्रम हा तरंगलांबीचाच क्रम होता.

त्या रात्री मी घरी जाऊन वडिलांना हे सांगितले. तोवर त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि धंदा बंद होता. मी प्रथम माफी मागितली, मग वाटीत साबणाचे पाणी घेऊन बसलो. त्यांना पट्टे नीट दिसत नव्हते, पण ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, “म्हणजे साय जाड होते तसा रंग पुढे सरकतो. बरोबर आहे. म्हणूनच नुसता रंग बघून भागत नाही, किती वेळ धरले तेही बघावे लागते. मंद आचेवर फार वेळ ठेवले तर रंग पुढे जातो, पण पोलाद तेवढे नरम होत नाही. नवशिके तिथे फसतात.” हे मला माहीत नव्हते. नंतर ताडून पाहिले. पापुद्र्याची वाढ उष्णतेवर जशी, तशी वेळेवरही अवलंबून असते. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी त्यांना कारण सांगितले, त्यांनी मला मर्यादा सांगितली.

हे घरगुती कथन इथे केले ह्याला कारण आहे. आपला न्यास गेली पन्नास वर्षे कारागिरांच्या, विणकरांच्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत आला आहे. मूल शिकते ह्याचा आनंद आहेच. पण शिकलेले मूल घरी जाऊन बापाच्या विद्येला अडाणीपणा म्हणू लागले तर आपण त्याला अर्धेच शिकवले, असे मी माझ्या अनुभवाने म्हणतो. ज्याच्या हातात ज्ञान आहे त्याला कारण ठाऊक नसते, आणि ज्याला कारण ठाऊक आहे त्याच्या हाताला सराव नसतो. ह्या दोघांची गाठ पडली पाहिजे.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे एक नम्र सूचना ठेवतो. महोत्सवाच्या निधीतून शिष्यवृत्त्या द्याव्याच, पण वसतिगृहातली एक खोलीही द्यावी. तिथे महाग उपकरणे नकोत. भिंगे, तारा, रिठे, एक स्पिरिटचा दिवा, एक सहाण एवढे पुरे. महिन्यातून एकदा एखाद्या पालकाने, मग तो लोहार असो, विणकर असो, रंगारी असो, तिथे येऊन आपले काम करून दाखवावे, आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. शिक्षकाला उत्तर आले नाही तर त्याने तसे सांगावे. पहिल्या महिन्यात असे सांगण्याची तयारी मी आजच दर्शवतो.

ही छिन्नी मी त्या खोलीसाठी आणली आहे. तिच्या टोकावरचा वांगी रंग अजून शाबूत आहे. मुलांनी ती हाताळावी, तिरपी धरून पाहावी. फक्त सहाणेवर घासू नये.